डोळ्यावरचा हात

त्या गाण्यात काय होतं ते मी सांगते. रांजणवाडी होती. भूमिकाच्या डाव्या डोळ्याच्या वरच्या पापणीवर, हरभऱ्याच्या दाण्याएवढी, लाल, टम्म फुगलेली. सैतान नव्हता, खुणा नव्हत्या, परदेशातल्या कुठल्या गुप्त मंडळींना केलेला सलाम नव्हता. हे मी इतक्या जणांना सांगितलंय की आता बोलायला तोंड उघडलं की लोक आधीच मान हलवतात. हो बाई, हो, रांजणवाडीच होती, असं म्हणतात आणि एकमेकांकडे बघतात.

भूमिका माझी धाकटी बहीण. मी प्रतिभा, माझं सासर बऱ्हाणपुरात, घरी मशीनवर ब्लाउज, ड्रेस शिवते. माहेर तिथून टेम्पोने अर्ध्या तासावर, तापीच्या काठी, चारी बाजूंनी केळीच्या बागा. आबा केळीच्या गाड्या भरायला जातात, माय घर बघते. आमच्या घरात कोणाला साधी आरती सुरात म्हणता येत नाही, आणि त्यात ही पोर जन्माला आली. लग्नातल्या हळदीत गायची तर बायका कामं सोडून उंबऱ्यात येऊन बसायच्या.

एका लग्नात जळगावच्या माणसाने तिला ऐकलं. खानदेशी गाण्यांचे अल्बम काढायचा तो. म्हणाला, गाणं हिने म्हणायचं आणि नाचायचंही हिनेच. शूटिंग आमच्याच गावात, केळीच्या बागेत ठरलं. फाल्गुन महिना होता. कपडे मी शिवले. काळा घागरा, लाल काठ. काळा का, तर माझ्याकडे काळंच कापड उरलं होतं.

आणि नेमकी त्याच सकाळी ही उठली ती डोळा सुजवून. मायने लवंग उगाळून लावली, काही फरक नाही. कॅमेऱ्यावाले जळगावहून निघालेले, त्यांना परत कसं पाठवणार? वर दुसरा घोर वेगळाच. पंधरा दिवसांनी नेपानगरचे लोक तिला बघायला येणार होते. रघुनाथभाऊ तिथे कागद कारखान्यात, मुलगा मनोजही तिथेच लागलेला. घर चांगलं, माणसं सरळ. व्हिडिओत पोरीचा डोळा असा बोराएवढा दिसला तर काय म्हणतील, हेच माझ्या डोक्यात.

मीच तिला म्हणाले, "असा हात ठेव डोळ्यावर. लाजल्यासारखं दिसेल."

"ताई, पूर्ण गाणं असाच हात ठेवू? लोक म्हणतील काणी आहे!"

"मग ठेवू नको. सूज दाखव साऱ्या दुनियेला."

ठेवला बिचारीने. आणि देवाशपथ सांगते, इतकं छान दिसलं ते! एक डोळा झाकलेला, दुसऱ्यात सगळी मस्ती. कॅमेऱ्यावाला ओरडला, "दीदी, ये तो स्टेप बन गया!" शूटिंग संपल्यावर मी एकेकाचा मोबाइल हातात घेतला आणि त्या दिवशीचे सुजलेल्या डोळ्याचे जेवढे फोटो होते तेवढे पुसायला लावले. सगळ्यात जास्त ललितच्या मोबाइलमध्ये होते. ललित आमचा मामेभाऊ. त्या दिवशी दिवसभर उन्हात स्पीकर धरून तोच उभा होता. मी त्याच्या डोक्यावर उभी राहिले. "पूस. माझ्यासमोर पूस." त्याने पुसले. मला वाटलं, मोठं शहाणपणाचं काम केलं मी.

गाणं चाललं. चाललं म्हणजे काय, वैशाखातल्या एकेका वरातीत तेच. खकनारपासून रावेरपर्यंत पोरी एका डोळ्यावर हात ठेवून नाचायच्या. नेपानगरवाल्यांनी तर आधी गाणंच बघितलं होतं. मनोजची आई सिंधूताई आली आणि भूमिकाला म्हणाली, "ते हाताचं करून दाखव ना गं." साखरपुडा झाला. लग्न तुळशीच्या लग्नानंतर धरलं. बऱ्हाणपुरात एका मोठ्या कार्यक्रमात भूमिका स्टेजवर गायली तेव्हा मी पोटुशी होते, तरी पहिल्या रांगेत जाऊन बसले. घसा बसेपर्यंत ओरडले.

ललितचं एक चॅनल होतं. परदेशी गाणाऱ्यांचे कार्यक्रम घ्यायचे, मध्येच चित्र थांबवायचं, लाल गोल काढायचा आणि भीतीदायक संगीत लावून विचारायचं, हिने एक डोळा का झाकला? ह्याने हाताचा त्रिकोण का केला? आमच्या गावात असलं कोण बघणार? त्या गाणाऱ्यांची नावंसुद्धा कोणाला माहीत नाहीत. मग आषाढात एक दिवस माझ्या मोबाइलवर तीन जणींनी एकच व्हिडिओ पाठवला. उघडला तर आमची भूमिका. डोळ्यावरच्या हाताला लाल गोल. गाण्यात ती माझं घर, माझं घर म्हणते तिथे डोक्यावर दोन्ही हात जोडून छप्पर दाखवते, त्याला लाल त्रिकोण. काळा घागरा. मागे बागेत बांबूवर टांगलेलं, डोळे रंगवलेलं काळं मडकं, जे आमच्याकडे ज्याच्या त्याच्या शेतात दृष्ट लागू नये म्हणून असतं, त्यालाही गोल. आणि खाली लिहिलेलं: 'आपल्या खानदेशातही पोहोचली का ही विद्या?'

मी तशीच टेम्पोत बसून मामाच्या घरी गेले. सातव्या महिन्याचं पोट घेऊन.

"लल्या, तुला लाज आहे का? स्पीकर धरून तूच उभा होतास ना रे? दिसली नव्हती रांजणवाडी?"

"ताई, तू टेन्शन नको घेऊ. मी तिचं नाव कुठं घेतलं? मी बस सवाल विचारला आहे. बघ, प्रश्नचिन्ह लावलं आहे."

"प्रश्नचिन्ह घाल चुलीत! पुसून टाक ते."

"अरे, पण तिचाच फायदा आहे. गाणं अजून वर चाललं आहे. बघ ना."

वर चाललं होतं, ते खरंच होतं. भूमिकाही हसली. "छोड ना ताई. लल्याभाऊच्या बापाला तरी कळतं का त्याचा चॅनल?" मग स्वतःच डोळे वटारून दोन्ही हातांचा त्रिकोण केला आणि मायला म्हणाली, "माय, चहा दे, नाही तर तुला बेडूक करते." माय हसता हसता खोकायला लागली. एवढंच हसलो आम्ही त्या गोष्टीवर.

श्रावणात मी बाळंतपणासाठी माहेरी राहायला आले आणि डोळ्यांची साथ आली. सगळीकडेच आली होती त्या वर्षी. ज्याला बघावं त्याचे डोळे लालभडक, चिपडलेले, अर्धं गाव काळे चष्मे लावून फिरत होतं. आणि कोणीतरी पिंपळाच्या पारावर म्हणालं, पोरी डोळ्यावर हात ठेवून नाचल्या ना, हे घ्या मग. आधी थट्टाच होती. भूमिका नळावर गेली की पोरं डोळे झाकून पळायची. मग बायका घागर उचलून बाजूला व्हायला लागल्या. ललितने दुसरा व्हिडिओ टाकला. त्यात साऱ्या जिल्ह्यातले लाल डोळे होते आणि शेवटी माझी बहीण होती.

आमच्या शेजारी सोजरमावशी राहते. तिची नात छकुली, सहा वर्षांची. आई-बाप सुरतेला कामाला, पोर आजीकडे. ही छकुली म्हणजे भूमिकाचं शेपूट. तिच्या ओढणीला धरून हिंडायची, तिच्यासारखा हात डोळ्यावर ठेवून नाचायची. छकुलीचेही डोळे आले. चार दिवस वाट बघितली असती तर सगळ्यांचे गेले तसे तिचेही गेले असते. पण कोणीतरी सांगितलं, पापणीवर चुना-हळदीचा लेप लावा, सूज उतरते. सोजरमावशीने लावला. पोर झोपेत डोळा चोळत राहिली. सकाळी किंचाळतच उठली.

बऱ्हाणपूरच्या डॉक्टरकडे मीच घेऊन गेले दोघींना. त्यांनी बघितलं, सोजरमावशीकडे बघितलं आणि सरळ सांगितलं, चुना आत गेलाय, बुबुळ भाजलंय. फूल पडलंय. दिसेल की नाही, आज सांगता येत नाही. येताना टेम्पोत मावशी आपला उजवा हात डाव्या हाताने घट्ट धरून बसली होती. तो हात मी बघितला होता, म्हणून तिच्यावर मला आजही नीट चिडता येत नाही. स्वतःच्या हाताने नातीचा डोळा घालवला हे घेऊन कुठली बाई जगेल? तिला दुसरं कोणीतरी हवं होतं. गावात ते तयारच होतं.

तिसऱ्या दिवशी ती आमच्या ओसरीवर येऊन बसली. भांडायला नाही. रडत होती.

"भूमी, बेटा, मी तुला दोष देत नाही व माय. माणसाच्या हातात असते का नजर? मायची पण लागते लेकराला. तू फक्त तुझ्या हाताने उतरव. ज्याची लागते त्याने उतरवली की जाते. पोरीला दिसू दे."

भूमिका एकदम उठून आत गेली. मी मागे गेले.

"ताई, मी नाही जाणार. मी गेले म्हणजे मी मानलं. मी लावली नाही तर मी उतरवू कशाला?"

शहाणी होती हो ती. माझ्याहून दहापट शहाणी. पण त्याच सकाळी सिंधूताईचा फोन आला होता. बाई गोडच बोलली. म्हणाली, प्रतिभा, आमचा काही विश्वास नाही ह्या गोष्टींवर, पण आमच्या कॉलनीतही तो व्हिडिओ फिरतोय, तेवढं गावात मिटवून घ्या. मनोजला मित्र चिडवतात. तेवढं मिटवून घ्या, दोनदा म्हणाली.

"भूमे, ऐक," मी म्हणाले. "मीठ-मोहरी-मिरची घ्यायची, सात वेळा ओवाळायची, चुलीत टाकायची. पाच मिनिटांचं काम. मावशीच्या मनाला शांती, गावाचं तोंड बंद, नेपानगरचंही भागेल. तू काय कागदावर सही करतेस का?"

"आणि नाही दिसलं छकुलीला तर?"

"तर काय? दृष्ट काढून कोणाचं काही वाईट झालंय आजपर्यंत? घमेंड कशाला एवढी? पोरीसाठी तरी जा!"

पोरीसाठी म्हटल्यावर ती उठली. तोंड धुतलं, केस बांधले. हे शेवटचं वाक्य मी बोलले नसते तर ती गेली नसती. मी बोलले.

सामान मी काढून दिलं. आता इथे नीट ऐका, कारण सगळं इथेच झालं. मायच्या डब्यात मिरच्या दोन प्रकारच्या होत्या. एक चांगल्या, लालजर्द, मसाल्यासाठी आणलेल्या. दुसऱ्या मागच्या वर्षीच्या, पांढऱ्या पडलेल्या, पावसाळ्यात सादळलेल्या, ज्यांना ना वास ना तिखटपणा. माझ्या मनात आलं, छकुलीचा डोळा आधीच आगडोंब झालाय, त्यात चांगल्या मिरच्यांचा धूर गेला तर पोर तडफडेल. मलाही आठवा महिना, खोकून खोकून जीव जाईल. म्हणून मी त्या जुन्या मिरच्या निवडल्या. मुद्दाम, हाताने निवडून सात घेतल्या. पोरीच्या डोळ्याला जपायला.

मावशीच्या घरी निम्मं गाव जमलं होतं. कोणी बोलावलं होतं देव जाणे. चुलीपाशी छकुली पाटावर बसली होती, दोन्ही डोळ्यांवर कापसाची पट्टी. भूमिकाला बघून, नव्हे, भूमिकाचा आवाज ऐकून हसली. "भूमीमावशी, गाणं म्हण." भूमिकाने मुठीत सामान घेतलं, पोरीवरून ओवाळलं. तिचे ओठ हलत होते. नंतर तिने मला सांगितलं, ती देवाला एवढंच म्हणत होती की हिला दिसू दे, माझं गाणं घे.

सात वेळा झालं. मूठ चुलीत टाकली. मोहरी तडतडली. सगळे चुलीकडे बघत उभे राहिले.

आता आमच्याकडे दृष्ट काढतात तेव्हा कशाकडे लक्ष असतं, हे लहान पोरालाही माहीत असतं. मिरच्या जळल्या आणि सगळ्यांना ठसका लागला, तर दृष्टबिष्ट काही नव्हतं. ठसका लागला नाही, तर दृष्ट होती, आणि जबर होती. मी हे लहानपणापासून बघत आले. आणि त्या डब्यात हात घालताना माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. एकदाही.

धूर निघाला. पांढरा, ओला. कोणी खोकलं नाही. एक म्हातारी मुद्दाम वाकून चुलीजवळ गेली, श्वास ओढला आणि सरळ उभी राहिली. तिने मान हलवली. मग सगळ्या माना भूमिकाकडे वळल्या.

"अहो, मिरच्या जुन्या होत्या!" मी ओरडले. "सादळलेल्या होत्या! मी आणल्या आहेत, मला माहीत आहे! थांबा, चांगल्या आणते, परत टाका!"

"बहिणीसाठी बोलणारच ना ती," मागून कोणीतरी म्हणालं.

सोजरमावशी तर भूमिकाच्या पायाच पडली. "उतरली व माय, उतरली! उपकार झाले तुझे!" ती आनंदाने रडत होती. आणि दारात लल्या मोबाइल वर धरून उभा होता. मी धावले त्याच्यावर, पोटाचं भान न ठेवता. आबांनी मला मागे ओढलं. त्या तिसऱ्या व्हिडिओला त्याने प्रश्नचिन्ह लावलं नाही.

नेपानगरहून रघुनाथभाऊंचा फोन आला. आबांना म्हणाले, "कौतिकभाऊ, तुमच्या पोरीनेच कबूल केलं ना सगळ्यांसमोर, मग आम्ही काय बोलणार?" साखरपुड्याची साडी सिंधूताईने घडी न मोडता परत पाठवली. गणपतीतले कार्यक्रम गेले, नवरात्रातले गेले. जळगाववाला आधी म्हणाला, थोडं थांबू, मग फोन उचलेना. छकुलीचा तो डोळा पांढराच राहिला. सोजरमावशी गावात सांगू लागली, दृष्ट निघाली हो, पण फार खोल गेली होती.

मी त्या दिवसांत भांडत सुटले होते. पोलिसांत गेले, त्यांनी ऐकून घेतलं, कागद घेतला आणि म्हणाले, पारिवारिक मामला आहे, मामेभाऊच आहे ना? सरपंचाच्या दारात उभी राहून बोलले. लल्याच्या तोंडावर थुंकले, खरंच थुंकले. तो म्हणाला, ताई, मग फोटो दाखव ना रांजणवाडीचा, मी तोपण टाकतो. फोटो होता कुठे? मी उभी राहून पुसायला लावला होता.

भूमिका भांडली नाही. आधी रडली, मग रडणंही थांबलं. एका दुपारी मी गोधडी शिवत होते, ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. तशीच म्हणाली, "ताई, साथ यायच्या दोन दिवस आधी छकुली नाचत होती. मी तिच्याकडे बघून म्हटलं होतं, किती गोड डोळे आहेत गं तुझे."

"मग?"

"काही नाही. म्हटलं होतं, एवढंच."

माझ्या हातातली सुई तशीच राहिली. "भूमे, वेडी झालीस का? चुना होता तो! तू तरी नको ना!"

"चुना सगळेच लावतात ताई. सगळ्यांचे डोळे जातात का?" ती अगदी शांतपणे बोलली. त्यानंतर तिने माणसांकडे बघणंच सोडलं. वाढताना ताटाकडे बघायची, बोलताना जमिनीकडे. गाय व्यायली तर दोन दिवस गोठ्याकडे फिरकली नाही. आणि गाणं तर नाहीच. ती देवाला म्हणाली होती ना, माझं गाणं घे. त्याने तेवढं घेतलं.

आश्विनात माझी डिलिव्हरी झाली. मुलगी झाली. बऱ्हाणपूरच्या दवाखान्यातून पाचव्या दिवशी मी बाळाला घेऊन माहेरी आले. सकाळचं कोवळं ऊन ओसरीवर आलं होतं. मायने भाकरतुकडा ओवाळून टाकला. भूमिका आत दाराच्या फळीआड उभी होती, मला तिच्या ओढणीचं टोक दिसत होतं. तिने बाळासाठी टोपडं शिवलं होतं, माझ्याच जुन्या मशीनवर, ते मायच्या हाती पाठवलं.

मला संताप आला. माझी बहीण माझ्या लेकीला टोपडं दुसऱ्याच्या हाती पाठवते!

"भूमे! बाहेर ये. ये म्हणते ना! मावशी आहेस तू तिची. तुझी भाची आहे, बघ तिला."

"नको ताई."

"तुला माझी शपथ आहे. वर बघ. आमच्या घरात हे थोतांड चालणार नाही."

ती आली. हळूहळू येऊन समोर बसली. किती तरी वेळ बाळाच्या पायाकडेच बघत होती. मग तिने डोळे वर केले आणि बाळाच्या तोंडाकडे बघितलं. दोन महिन्यांनी मी तिचे डोळे सरळ बघत होते. ती हसली. जुनीच भूमिका, एका डोळ्यात साऱ्या गाण्याची मस्ती असलेली.

"ताई," ती म्हणाली, "किती गोड आहे गं."

आणि माझा हात गेला. मी नाही नेला, शपथेवर सांगते, तो गेला. मी पदर ओढून बाळाचं तोंड झाकलं.

मी. जिने अख्ख्या गावाला शिव्या घातल्या, ती मी.

भूमिकाने माझ्या हाताकडे बघितलं. मला वाटलं, आता ही ओरडेल. ओरड गं बाई, मार मला, असं मी मनातल्या मनात म्हणत होते. तिने फक्त मान खाली घातली.

"राहू दे ताई," ती म्हणाली. "बरं केलंस."

ती उठून आत गेली आणि दाराची कडी लागली. माय माझ्याकडे बघत होती. पदराखाली बाळ चुळबुळ करत होतं, त्याला गरम होत असावं. पदर काढायला हवा होता, आणि माझा हात काही निघेना.